पांढरा रंग पाठवताना

पुण्यात 'मी इंजिनिअर' असं म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "हिंजवडीत का?" मी "नाही हो" म्हणते, आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर जी सहानुभूती उमटते ती मुकाट्यानं सोसते. ज्या वर्षांत माझ्या बरोबरीची मुलं कंपनीच्या बसमधून हिंजवडीला जाऊ लागली आणि तिथून परस्पर अमेरिकेला गेली, त्या वर्षांत मी कर्वे रस्त्याच्या आतल्या गल्लीत, एका बंगल्याच्या गॅरेजमध्ये, हातात तारांना डाख द्यायची सोल्डरिंग गन घेऊन बसलेली होते. चित्रं वायरीतून इकडून तिकडे पाठवणं हा माझा धंदा. लग्नाच्या बाजारात या धंद्याला फारशी किंमत नव्हती, पण मला तो आवडायचा आणि बऱ्यापैकी जमायचा.

वाचकांना हा धंदा थोडा समजावून सांगते. घाबरू नका, परीक्षा नाही.

पडद्यावरचं चित्र म्हणजे लाखो ठिपके. प्रत्येक ठिपक्याचा रंग म्हणजे काही आकडे आणि प्रत्येक आकडा म्हणजे आठ घरांत बसवलेले शून्य आणि एक. हे सगळे शून्य-एक एकाच तारेतून, रांगेत, एकामागोमाग एक पाठवायचे. तारेत विजेचा दाब वर गेला की एक, खाली आला की शून्य. इथवर सोपं आहे. अडचण पलीकडच्या पेटीची असते. एक शून्य कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं, हे तिला कुणी सांगत नाही. तिला ते वर-खाली होण्याच्या लयीवरूनच ओळखावं लागतं. शाळेच्या कवायतीत सर 'डावा, उजवा' ओरडत असतात तोवर ओळ सरळ चालते. सरांना मध्येच खोकला आला की दहा-बारा पावलं मुलं अंदाजानं टाकतात, मग ज्याचा त्याचा पाय निराळा पडायला लागतो. तारेतही तसंच होतं. सलग शंभर शून्यं आली, म्हणजे बराच वेळ काही बदललंच नाही, की पलीकडची पेटी मोजणी चुकते आणि चित्र जातं.

म्हणून ते आकडे जसेच्या तसे तारेत घालत नाहीत, आधी त्यांचं रूप बदलतात. याचे दोन मार्ग. पहिला राजमार्ग. आठांच्या प्रत्येक गटाऐवजी दहांचा एक गट पाठवायचा. दहांचे गट असे निवडलेले असतात की सलग पाचांपेक्षा जास्त शून्य किंवा एक येऊच शकत नाहीत, आणि दोघांची संख्याही जवळपास सारखी राहते. हमखास उपाय. फक्त आठांच्या जागी दहा आले, म्हणजे तारेवरचं ओझं वाढलं. दुसरा मार्ग खिचडीचा. ठरलेल्या नियमानं सगळे शून्य-एक एकमेकांत कालवून टाकायचे आणि पलीकडे तोच नियम उलटा लावून निवडून घ्यायचे. ओझं वाढत नाही, आणि एकसारखे आकडे आपोआप विखुरले जातात. बहुतेक वेळा विखुरले जातात, असं म्हणायला हवं. क्वचित कालवता कालवताच नेमकी लांबलचक सारखी रांग तयार होते. या 'क्वचित'वर माझ्या नोकरीतला सगळ्यात वाईट दिवस उभा आहे.

मी मूळची भंडाऱ्याची. आजोबांनी दीक्षा घेतली, वडील तहसील कचेरीत लागले आणि मी नागपूरला इंजिनिअर होऊन पुण्यात आले. पहिली दोन वर्षं मला इथलं बोलणं कळायचं, पण बोलण्यामागचं कळायचं नाही. "या की एकदा घरी" याचा अर्थ 'येऊ नका' असतो हे मी दोनदा जाऊन शिकले. सदाशिव पेठेत खोली घेतली होती, आणि त्याच बोळात मोहिते काकूंच्या मेसमध्ये जेवत होते. काकू सातारच्या. पुण्यात चाळीस वर्षं काढून त्यांनी पाट्या लावण्याची कला तेवढी आत्मसात केली होती. 'दुसऱ्यांदा भाजी मागताना पहिली संपवल्याचे दाखवावे', अशी एक पाटी हात धुण्याच्या जागेवर होती. पण मला तापाच्या दिवसांत खोलीवर मऊ भात आणून देणाऱ्याही काकूच, आणि "तुमच्या भंडाऱ्याला भातात काय घालतात गं?" असं विचारून ते करून बघणाऱ्याही त्याच.

आमच्या कंपनीचे मालक दामले सर. कंपनी म्हणजे सर, मी, अकाउंट्सच्या एक बाई आणि जोडणी करणारे तिघं. परदेशी चिपा मिळवायला पूर्वी म्हणे दिल्लीपर्यंत खेटे घालावे लागत. उदारीकरणानंतर त्याच चिपा बुधवार पेठेतला दुकानदार आठवडाभरात काढून देऊ लागला, आणि दामले सरांना वाटलं, आता चित्र पाठवायच्या पेट्या आपणच का करू नयेत? वाटलं आणि केल्या. सरांचं बोलणं तुटक होतं. कुणी "सर, बहुतेक चालेल," म्हटलं की ते विचारत, "बहुतेक नावाचा पार्ट कुठल्या दुकानात मिळतो?"

गिऱ्हाइकं एकेक नमुने. एका मंगल कार्यालयाच्या मालकांना हॉलमधलं लग्न जेवणघरातल्या पडद्यावर दाखवायचं होतं, म्हणजे पंगतीला बसलेल्यांनाही अक्षता टाकता येतील. आम्ही सगळं जोडून दिलं. दुसऱ्याच मुहूर्ताला तक्रार, चित्र नाही. जाऊन बघितलं तर मालकांनी केबल भिंतीला 'नीट' बसवली होती, दर हातावर एक खिळा, बरोबर केबलच्या मधोमध. मी म्हटलं, "अहो, खिळा आरपार गेलाय." ते म्हणाले, "मग काय, हलणार नाही आता." त्यांचं खरंच होतं, काहीच हलत नव्हतं, चित्रसुद्धा. ती केबल बदलून दिली आणि सोबत खिळ्यांऐवजी लावायच्या चिमट्यांची एक पुडी भेट दिली.

मग रुग्णालयाचं काम आलं. पेठेपासून चालत जाण्याच्या अंतरावर शिकवणारं मोठं रुग्णालय. तिथले सर्जन डॉक्टर करमरकर दुर्बिणीनं शस्त्रक्रिया करत. पोटाला छोटी भोकं पाडून एकातून कॅमेरा आत, बाकीच्यांतून चिमटे आणि कात्री, आणि डॉक्टर पोटाकडे नाही तर पडद्याकडे बघून काम करतात. त्यांना ते चित्र दोन मजले खाली व्याख्यानाच्या हॉलमध्ये विद्यार्थ्यांना दाखवायचं होतं, आणि तेही स्वच्छ. जुन्या पद्धतीनं लांब तारेतून नेलेल्या चित्राला बाजूला भुतासारख्या सावल्या पडत. इमारत जुनी, केबल जिन्यातून वळसे घेत जाणार, साठ मीटर तरी होणार.

राजमार्गानं गेलं असतं तर दहांच्या ओझ्यानं चित्र त्या केबलच्या शेवटापर्यंत टिकलं नसतं. महागडी केबल आणा किंवा मध्ये आणखी एक पेटी बसवा, असे पर्याय होते. मी खिचडीचा मार्ग काढला. नियम माझा मीच बसवला, तीन आठवडे खपून. साठ मीटरचं वेटोळं टेबलाखाली ठेवून चित्र पाठवलं, आणि ते पलीकडे एका ठिपक्याचीही चूक न होता उमटलं. सर पडद्याजवळ नाक नेऊन बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "वाईट नाही." अकाउंट्सच्या बाईंनी मला नंतर सांगितलं की दहा वर्षांत हे त्यांनी दुसऱ्यांदा ऐकलं.

आता चुकीबद्दल. आमच्याकडे रिवाज होता, कुठलीही नवी पेटी तयार झाली की तिच्यातून पहिलं चित्र गणपतीचं पाठवायचं. सरांनी स्वतः काढलेला फोटो होता तो, शेंदरी मूर्ती, अंगभर दागिने, मागे फुलांची आरास. सरांच्या पत्नी पेढे घेऊन येत, उदबत्ती लागे, आणि सर कळ दाबत. त्या दिवशीही तसंच झालं. मग रंगपट्ट्या झाल्या, क्रिकेट मॅचची एक टेप झाली, आणि परत गणपती. "आज दिवसभर हाच राहू द्या. हलवू नका," सर म्हणाले. संध्याकाळपर्यंत चित्र एकदाही गेलं नाही.

मला मात्र मनात माहीत होतं की ही परीक्षाच नव्हे. बाहेरच्या माणसाला वाटेल, दागिन्यांचं, फुलांचं, बारीक कामाचं चित्र पाठवायला कठीण. उलट आहे. त्यात प्रत्येक ठिपका वेगळा, शून्य-एक सारखे बदलत राहतात, तारेला हवं तेच मिळतं. कठीण असतो तो एकरंगी पडदा, नुसता पांढरा किंवा नुसता काळा. तेच आकडे पुन्हा पुन्हा लाखो वेळा. माझी खिचडी कुठे फसणार असेल तर तिथेच. म्हणजे गणपती काढून तासन् तास कोरा पांढरा पडदा लावून ठेवायला हवा होता.

मी बोलले नाही. त्याचं कारण तांत्रिक नव्हतं. आदल्या महिन्यात ऑफिसात आरती झाली तेव्हा ताट माझ्यापुढे आलं, आणि आमच्या घरी ती पद्धत नसल्यानं मी नुसते हात जोडून मागे सरकले. अकाउंट्सच्या बाई सरांच्या पत्नींना हळूच म्हणाल्या, "त्यांच्यात नसतं." वाईट हेतूनं नव्हतं, नुसती माहिती म्हणून. पण मला ते लागलं. आता त्याच खोलीत, उदबत्ती चालू असताना, सुजाता मेश्राम नावाच्या बाईनं उठून म्हणायचं की गणपती काढा आणि कोरा पडदा लावा? माझं वाक्य कुणी इंजिनिअरचं वाक्य म्हणून ऐकेल असा मला भरवसा वाटला नाही. उद्या सकाळी लवकर येऊन एकटीच लावून बघू, असं ठरवलं. सकाळी आले तर पेट्या खोक्यात भरून रिक्षात चढवणं चाललं होतं. मी खोकं उचलायला हात लावला.

पेट्या लागल्या, हॉलमध्ये चित्र आलं, सगळे खूश झाले. मग महिन्याभरात तक्रार सुरू झाली. मध्येच चित्र जातं आणि थोड्या वेळानं आपोआप परत येतं. तारेवरची मोजणी एका क्षणातच सावरत असे, पण पडद्याचा स्वभाव असा की एकदा चुकामूक झाली की तो आधी 'सिग्नल नाही' अशी पाटी दाखवणार, आणि मग सावकाश पुन्हा शोधायला लागणार. त्यात सात-आठ सेकंद जात.

सगळ्यांनी मिळून एक गुन्हेगार पकडला, कॉटरी. रक्तवाहिन्या विजेनं जाळून बंद करायचं हे यंत्र. ते चालू झालं की आजूबाजूच्या वायरींत खरंच गोंगाट होतो, आणि चित्र जायचं तेही बहुधा कॉटरी वापरण्याच्या सुमारास. दामले सरांनी रुग्णालयाला पत्र लिहिलं की आमची पेटी निर्दोष असून कॉटरीचं अर्थिंग तपासून घ्यावं. कॉटरी कंपनीचा माणूस बिचारा तीनदा येऊन गेला. तिसऱ्या वेळी जिन्यात मला भेटला आणि म्हणाला, "मॅडम, सासरी सून असते ना, तसं झालंय माझ्या मशीनचं. काही झालं की तीच." मी हसले. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली होती, पण मी तिला हाकलून लावत होते.

याच सुमारास मोहिते काकूंना पित्ताशयात खडे निघाले. वर्षभर पोटात कळ येत होती आणि त्या ओवा खाऊन दाबत होत्या. डॉक्टर करमरकरांकडे पित्ताशय काढायचं ठरलं. काकूंचा मुलगा त्यांना दुसऱ्या दवाखान्यात न्यायचं म्हणत होता, पण काकूंनी ऐकलं नाही. "तिथं आपली सुजाता असते. तिनं केलेल्या टीव्हीवर दिसणार आहे माझं पोट," असं त्या मेसमध्ये वाढता वाढता सगळ्यांना सांगत होत्या. विद्यार्थ्यांना दाखवायची परवानगी मागणाऱ्या कागदावर त्यांनी मोठ्या हौसेनं सही केली.

त्या सकाळी मी वही घेऊन आधीच हजर होते. चित्र नेमकं कधी जातं ते मिनिटामिनिटानं टिपायचं ठरवलं होतं. थिएटरच्या बाहेर काळोखे सिस्टर भेटल्या. माण गावच्या, हिंजवडीच्या शेजारच्या. त्यांच्या शेताच्या कडेला तेव्हा आयटीवाल्यांच्या काचेच्या इमारती उगवत होत्या, आणि "आमच्या वांग्यांपरीस मोठं पीक आलंय," असं त्या म्हणत. मी त्यांना कॉटरीबद्दल विचारलं.

"कॉटरी न्हाई हो मॅडम," त्या म्हणाल्या. "मला काय त्यातलं कळतंय म्हना, पन मी रोज बगते. रक्त टिपायला गॉज आत घालत्यात. त्यो कॅमेऱ्याफुडं आला की समदं पांढरंफेक व्हतं, आन् मंग जातंय. कॉटरी तर त्याच्या मागनं लावत्यात."

हॉलकडे उतरताना मी जिन्यातच उभी राहिले. गॉज म्हणजे पांढरी जाळीदार पट्टी. कॅमेऱ्याच्या अगदी समोर, दिव्याच्या झोतात आली की सगळा पडदा पांढरा. आणि पांढऱ्याहूनही जे जास्त उजळ होईल ते माझी पेटी एकाच कमाल आकड्यावर छाटून टाकत होती. म्हणजे लाखो ठिपके, सगळे तंतोतंत सारखे. जो पडदा मी लावून बघायला हवा होता, तो रुग्णालय रोज लावून बघत होतं.

हॉलमध्ये येऊन बसले. वीस-पंचवीस विद्यार्थी होते. पडद्यावर काकूंचं पोट आतून दिसत होतं. ते बघून आधी काही वाटलं नाही. माणूस आतून ओळखू येत नाही. डॉक्टरांचा आवाज स्पीकरवरून येत होता, ते शांतपणे एकेक गोष्ट समजावत होते. ही यकृताची कड, ही पित्ताशयाची नळी, ही आता कापायची. मी घड्याळ वहीजवळ ठेवलं. थोडं रक्त आलं. डॉक्टर म्हणाले, "गॉज द्या." खालून पट्टी वर आली, पडदा उजळत गेला, पूर्ण पांढरा झाला. आणि गेला.

मला आनंद झाला. हे लिहायला लाज वाटते, पण झाला. इतक्या आठवड्यांचं कोडं सुटलं होतं. मी वहीत वेळ लिहीतच होते, तेवढ्यात स्पीकरवर डॉक्टरांचा आवाज आला, पण आता शिकवण्याचा नव्हता.

"कुणी हलू नका. मला दिसत नाहीये."

मला काही कळेना. त्यांना का दिसत नव्हतं? आमची तार हॉलसाठी होती. त्यांचा पडदा कॅमेऱ्याला थेट जोडलेला होता. मग एकदम लक्षात आलं. चाचणीसाठी आम्ही एक जादा पेटी आणि तिचा पडदा थिएटरच्या कोपऱ्यात ठेवून आलो होतो. डॉक्टरांना आमचं चित्र जास्त स्वच्छ वाटलं असणार, आणि त्यांनी आमचाच पडदा समोर घेतला असणार. नंतर समजलं, तसंच झालं होतं. जुना पडदा त्याच सकाळी शेजारच्या थिएटरात गेला होता. म्हणजे काकूंच्या पोटात हत्यारं होती आणि त्या खोलीत कुणालाही आतलं दिसत नव्हतं.

मी मोजत होते. चार. पाच. हॉलमध्ये विद्यार्थी कुजबुजू लागले. सहा. काळोखे सिस्टरांचा आवाज आला, "चिमटा धरलाय, सर." सात. आठ. नऊ.

चित्र आलं. नळीच्या भोवती कात्रीची दोन पाती उघडी होती, जिथल्या तिथे. डॉक्टरांनी श्वास सोडला तो स्पीकरवर ऐकू आला. मग त्यांनी कात्री मागे घेतली, सगळं पुन्हा नीट पाहून घेतलं आणि काम पूर्ण केलं. मी वहीत 'नऊ' लिहिलं आणि वही मिटली.

मी वर जाऊन थिएटरबाहेर थांबले. डॉक्टर करमरकर मास्क काढत बाहेर आले. मला बघून म्हणाले, "मेश्राम बाई, तुमची पेटी उत्तम आहे हो. त्या कॉटरीवाल्याला आज मी सोडत नाही."

सुटकेचं दार सताड उघडं होतं. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. आठवड्याभरात गुपचूप चिप बदलून टाकता आली असती, आणि दोष कॉटरीचा, असं सरांच्या पत्रात लिहिलेलंही होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या तीन शस्त्रक्रिया होत्या.

"सर, कॉटरी नाही," मी म्हटलं. "चूक माझी आहे. पडदा पूर्ण पांढरा झाला की माझ्या पेटीतून चित्र जातं."

त्यांनी हातातला मास्क खिशात कोंबला. "म्हणजे मी गॉज घातला की मी आंधळा?"

"हो."

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"आज सकाळी. पण तपासून बघायला हवं होतं, हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

ते ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले नाहीत. म्हणाले, "कात्री नळीवर होती. मी हललो नाही म्हणून निभावलं. उद्या माझ्या जागी एखादा नवखा असेल, तो दचकेल." मग आत वळून म्हणाले, "सिस्टर, यांचा पडदा काढा. आत्ता. जुना परत आणा." माझ्याकडे परत बघितलं नाही.

गॅरेजवर आले तेव्हा दामले सर डबा खात होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी घास खाली ठेवला.

"पांढरा लावून बघितला नव्हता?"

"नाही."

"का?"

मग कारणही सांगितलं. उदबत्ती, आरतीचं ताट, अकाउंट्सच्या बाईंचं वाक्य, सगळं. बाई शेजारच्याच टेबलावर होत्या. त्यांनी मान खाली घातली. सरांनी चष्मा काढला आणि पुसत बसले.

"गणपती बुद्धीची देवता आहे, मेश्राम. पांढऱ्या पडद्याचा त्याला राग आला असता असं तुम्हाला वाटलं?"

"त्याला नाही, सर. तुम्हाला."

त्यांनी चष्म्याची काच उजेडात धरून बघितली. मग म्हणाले, "आला असता. थोडा." चष्मा डोळ्यांवर चढवला. "पाच मिनिटांत गेलाही असता. तेवढी पाच मिनिटं तुम्ही मला द्यायला हवी होतीत." आणि लगेच त्यांनी रुग्णालयाला दुसरं पत्र लिहायला घेतलं. त्याची एक प्रत कॉटरी कंपनीला गेली, त्यात सरांनी त्यांच्या माणसाची माफी मागितली होती. सरांना माफी मागताना मी तेवढं एकदाच पाहिलं, आणि तेही कागदावर.

मी राजमार्गावर परत आले. आठांचे दहा केले, चांगली केबल आणली, मध्ये जिन्यात एक पेटी वाढवली. सर कधी कधी स्वतः येऊन म्हणत, "मेश्राम, तुमचा पांढरा लावा." गणपती झाला की अख्खा दिवस पांढरा आणि अख्खा दिवस काळा, हा आमचा नवा रिवाज झाला. गॅरेजमध्ये येणारे लोक विचारत, "बिघडलाय का हो टीव्ही?" अकाउंट्सच्या बाईच त्यांना कारण समजावून सांगत, आणि चांगलं सांगत. डॉक्टर करमरकरांनी नवी पेटी घेतली, पण आधी कॅमेऱ्यापुढे स्वतःच्या हातानं गॉज धरून तासभर उभे राहिले. हॉलसाठी घेतली फक्त. स्वतःच्या पडद्याला ती त्यांनी पुन्हा कधी जोडू दिली नाही. मला त्याचं वाईट वाटलं आणि पटलंही.

शस्त्रक्रियेनंतर दोन दिवसांनी मी काकूंना भेटायला वॉर्डात गेले होते. उशीला टेकून बसल्या होत्या, केस विंचरलेले, चेहरा उतरलेला पण खूश. मला बघताच शेजारच्या खाटेवरच्या बाईंना म्हणाल्या, "हीच ती. हिनंच केलाय तो टीव्ही." मग माझा हात धरून हळू आवाजात, जरा लाजत, त्यांनी विचारलं, "सुजाता, पोरांनी सगळं बघितलं ना गं? नीट दिसलं ना शेवटपर्यंत?"

डॉक्टरांना मी खरं सांगितलं होतं, सरांना सांगितलं होतं. पोट ज्यांचं होतं त्यांना सांगायचं एवढंच राहिलं होतं. मी म्हटलं, "हो काकू. एकदम स्वच्छ दिसलं."

काकू आता थकल्या आहेत. मेस बंद होऊन बरीच वर्षं झाली, मुलाकडे कोथरूडला असतात. नजर मात्र शाबूत आहे. दरवर्षी लायब्ररीतून दिवाळी अंक मागवतात, जाहिरातींसकट वाचून काढतात आणि कुठला लेख उगाच लांबवलाय ते मला फोन करून सांगतात. हा अंकही त्यांच्या हातात पडेलच. काकू, नऊ सेकंद काही दिसत नव्हतं. ती चूक माझी होती, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मी तुमच्याशी खोटं बोलले.